सहासष्ट बारशिंगे आणि नर्मदेचे खोरे

२०२१ च्या मे महिन्यात युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत भारतातील सहा स्थळांची भर पडली. त्यांपैकी महाराष्ट्रातील किल्ल्यांची बातमी मराठी वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर घेतली, आणि ते योग्यच होते. त्याच यादीतील आणखी दोन नावे मात्र आपल्याकडे जवळजवळ कोणी उच्चारली नाहीत. एक, जबलपूरजवळचे भेडाघाट-लमेटाघाट. दुसरे, सातपुडा व्याघ्र प्रकल्प. एकीकडे संगमरवराच्या कड्यांमधून वाहणारी नर्मदा, दुसरीकडे पचमढीच्या पायथ्याचे अरण्य. वरवर पाहता दोघांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु एका हरणाच्या इतिहासाने ही दोन स्थळे एकत्र बांधली गेली आहेत. मध्य भारतातील बारशिंगा १९७० मध्ये ६६ वर आला होता. आज तो कान्हाच्या बाहेर, शतकापूर्वी जेथून नाहीसा झाला त्या खोऱ्यांत पुन्हा चरत आहे.

या इतिहासाची सुरुवात भेडाघाटापासून करण्याला कारण आहे. १८६२ च्या प्रारंभी कॅप्टन जेम्स फॉर्साइथ हा तरुण अधिकारी जबलपुराहून निघाला. मध्य प्रांताची स्थापना होऊन जेमतेम काही महिने झाले होते, राजधानी नागपूर होती, आणि नव्या प्रशासनाला आपल्या ताब्यात आलेल्या डोंगराळ प्रदेशात नेमके काय आहे ते जाणून घ्यायचे होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्यांचा वसूल खोऱ्यातील गहू पिकविणाऱ्या गावांतून येई, डोंगरांत मात्र गोंड आणि कोरकू सरदारांचे चाले. फॉर्साइथने वाटेत भेडाघाटचे कडे पाहिले, त्यांचे वर्णन लिहिले, तेथील मधमाश्यांची एक हकिगतही नोंदविली. रेल्वेच्या कामावरील एका इंग्रज अभियंत्यावर मोहोळ उठले आणि तो नर्मदेत बुडून मेला. पुढे तो खोऱ्याच्या कडेकडेने पश्चिमेस गेला आणि पचमढीच्या पठारावर चढला. तेथे त्याने त्याच वर्षी बांधलेले ‘बायसन लॉज’ आजही उभे आहे.

पचमढीच्या खाली देनवा नदीच्या खोऱ्यात त्याला एक कोडे भेटले. आजूबाजूला मैलोन्‌मैल सागवान. मध्येच मात्र साल वृक्षाचा एक छोटा, एकटा तुकडा. साल हा पूर्वेकडचा वृक्ष आहे. मंडला, बालाघाट, अमरकंटक येथून त्याचे राज्य सुरू होते आणि ओडिशापर्यंत जाते. त्या मुख्य पट्ट्यापासून इतक्या दूर पश्चिमेस हे बेट कसे आले? त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे सालासोबत पूर्वेकडचे प्राणीही येथे होते: तांबडा रानकोंबडा आणि बारशिंगा. दोघेही मधल्या सागवानी टापूत नव्हते. झाड, पक्षी आणि हरीण असे तिघे जणू एकाच कुटुंबातील असल्यासारखे एकत्र तुटून पडले होते. डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध होऊन तीनच वर्षे झाली असताना एका शिकारी सैनिकाने केलेले हे निरीक्षण मला आजही उत्तम क्षेत्रविज्ञानाचा नमुना वाटते. फॉर्साइथ १८७१ मध्ये वारला. त्याचे पुस्तक त्याच वर्षी, त्याच्या मृत्यूनंतर निघाले.

(सातपुड्याच्या रांगेने प्राण्यांनी पूर्वेकडून पश्चिमेकडे प्रवास केला असावा, ही कल्पना पुढे १९४९ मध्ये सुंदरलाल होरा यांनी माशांच्या अभ्यासावरून मांडली आणि ती ‘सातपुडा गृहीतक’ म्हणून गाजली. तिच्यावर वाद अजून संपलेला नाही. पण देनवेच्या खोऱ्यातील त्या त्रिकुटाचे स्मरण ठेवल्याशिवाय तो वाद वाचू नये.)

आता या हरणाची ओळख. बारशिंगा हा सांबर नव्हे, चितळ तर नव्हेच. नराच्या शिंगांना बहुधा दहा ते चौदा टोके असतात, म्हणून हे नाव. १८२३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए याने भारतातून आलेल्या शिंगांवरून त्याचे वर्णन केले आणि आपला सावत्र मुलगा आल्फ्रेड द्युव्होसेल याचे नाव त्याला दिले. हा तरुण भारतात प्राणी गोळा करत होता आणि पुढच्याच वर्षी मद्रासेत मरण पावला. तराईतील आणि आसामातील बारशिंगे दलदलीत राहतात, त्यांचे खूर फाकतात, चिखलात रुतत नाहीत. मध्य भारतातील बारशिंगा मात्र कठीण जमिनीवरचा. त्याचे खूर घट्ट आणि आवळलेले. १९४३ मध्ये पोकॉक याने या उपजातीला वेगळे नाव दिले: ‘ब्रँडेरी’. हे नाव मध्य प्रांताच्या वनखात्यातील डनबार ब्रँडर या अधिकाऱ्याचे. त्याचे मध्य भारतातील वन्य प्राण्यांवरील १९२३ चे पुस्तक अजूनही वाचनीय आहे. नर्मदा आणि गोदावरी यांच्यामधल्या गवताळ प्रदेशात ही उपजात एकेकाळी मोठ्या कळपांनी राहत असे. आपल्या विदर्भाच्या पूर्व सीमेपासून ती फार दूर नव्हती.

त्याच्याविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: बारशिंगा गवत खातो, आणि जवळजवळ गवतच खातो. चितळाला पाने, फळे, फुले चालतात, सांबर झाडपाला ओरबाडतो. बारशिंग्याला कुरण लागते. त्यातही एकाच प्रकारचे कुरण पुरत नाही. चरायला कोवळे गवत हवे आणि पाडस लपवायला उंच गवत हवे. मादीला वर्षाला एकच पाडस होते, पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत. त्या काळात माणसाच्या छातीइतके गवत उभे नसेल तर कोल्हा, रानकुत्रा, बिबट्या यांच्यापासून पाडस वाचणे कठीण.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कुरणांवर तीन दिशांनी दाब आला. १८७० मध्ये मुंबईहून आणि कलकत्त्याहून येणारे लोहमार्ग जबलपुरात जोडले गेले. रुळांखालच्या स्लीपरांसाठी सालाचे लाकूड सोन्याच्या मोलाचे झाले, आणि सालाचे जंगल हे वनखात्याच्या दृष्टीने लाकडाचे कोठार बनले. कुरण म्हणजे त्या कोठारातील रिकामी जागा. दुसरीकडे नांगर पुढे सरकत गेला. खोऱ्यातील सपाट, ओलसर, खोल मातीची जमीन शेतकऱ्याला हवी असते, बारशिंग्यालाही तीच हवी असते. तिसरे कारण बंदूक. कळपाने उघड्यावर उभे राहणारे, मोठ्या शिंगांचे जनावर शिकाऱ्याला सोपे आणि प्रतिष्ठेचे दोन्ही होते.

वनखात्याला याची जाणीव नव्हती असे नाही. बंजर खोऱ्यात १९३३ मध्ये कान्हा अभयारण्य झाले, शेजारच्या हालोन खोऱ्यात १९३५ मध्ये दुसरे. पण हरणांनी पिकांची आणि सालाच्या रोपांची नासाडी केल्याच्या तक्रारी आल्या, आणि काही वर्षांतच हालोनचा दर्जा काढून घेण्यात आला. हरीण वाचविण्यासाठी अभयारण्य करायचे आणि हरणे वाढली म्हणून ते मोडायचे, हा तर्क सरकारी टिपणीत अगदी सरळ वाटला असणार.

आकडे असे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस कान्हा आणि आसपासच्या टापूत सुमारे ३,००० बारशिंगे होते. १९५० च्या दशकाच्या आरंभी सुमारे ५५०. १९५५ मध्ये स्वतंत्र कायदा करून कान्हा राष्ट्रीय उद्यान झाले, तरी उतार थांबला नाही. १९७० च्या गणनेत ६६.

याच घसरणीच्या मध्यावर, १९६३ ते १९६५ या काळात, जॉर्ज शॅलर हा तरुण अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ कान्हात राहिला. भारतातील वाघाचा पहिला शास्त्रशुद्ध अभ्यास त्याच्या नावावर आहे. तो १९६७ मध्ये ग्रंथरूपाने आला आणि त्यात हरणांना वाघाइतकीच जागा मिळाली. बारशिंगा इतका का घटत आहे, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. उत्तरे अनेक होती: वाघ त्याची शिकार करतो हे खरे, गुरांकडून ब्रुसेलोसिससारखा रोग लागत असावा अशीही शंका होती, शिवाय चोरटी शिकार होती. त्याच्यानंतर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्विस अभ्यासक क्लॉद मार्टिन फक्त बारशिंग्यासाठी कान्हात राहिला. (पुढे तो जागतिक वन्यजीव निधीचा महासंचालक झाला.) या दोघांच्या आणि स्थानिक वनाधिकाऱ्यांच्या निरीक्षणांतून हळूहळू जे चित्र पुढे आले ते विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी थोडे थांबून पाहावे असे आहे.

मारणारा दिसतो, कारण दिसत नाही. वाघाने मारलेले जनावर कुरणात पडलेले दिसते, त्याचे फोटो निघतात, त्याची नोंद होते. न जन्मलेल्या किंवा जन्मून चार दिवसांत संपलेल्या पाडसाची नोंद होत नाही. कान्हात दरवर्षी गवत जाळले जाई, जेणेकरून कोवळे कोंब फुटावेत आणि पाहुण्यांना हरणे दिसावीत. उद्यानाच्या आतल्या गावांची गुरे उरलेले गवत खाऊन टाकीत. परिणामी वर्षाच्या नेमक्या ज्या काळात उंच गवत हवे त्याच काळात ते नसे. वाघ पूर्वीही होता, तेव्हा ३,००० बारशिंगे होते. बदलले होते ते गवत. वाघाच्या बाजूने आणखी एक साक्ष देता येईल: १९४७ ते १९५१ या काळात एका राजकुमाराने कान्हा परिसरात ३० वाघ मारले, आणि तरीही बारशिंग्यांची संख्या वाढली नाही, घटतच गेली.

असाच एक धडा पुढे अगदी वेगळ्या ठिकाणी मिळाला, तो येथे सांगण्याजोगा आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या चॅनेल बेटांवर मांजराएवढा एक खोकड राहतो. १९९० च्या दशकात त्याची संख्या अचानक कोसळली. सान मिगेल आणि सांता रोझा या दोन बेटांवर प्रत्येकी १५ खोकड उरले. मारणारा दिसत होता: सोनेरी गरुड. पण तो गरुड त्या बेटांवर पूर्वी नसे. तेथे मासे खाणारा टकला गरुड राही आणि तो दुसऱ्यांना टिकू देत नसे. डीडीटीच्या प्रदूषणाने टकला गरुड संपला, आणि मोकाट सुटलेल्या रानटी डुकरांची पिल्ले हे सोनेरी गरुडाला आयते खाद्य मिळाले. तेव्हा उपाय करताना केवळ खोकडांची पैदास करून भागले नाही. सोनेरी गरुड पकडून मुख्य भूमीवर नेले, डुकरे काढली, टकला गरुड परत आणला, आणि मग कुंपणात वाढविलेले खोकड सोडले. २००४ मध्ये ज्यांना संकटग्रस्त ठरविले त्या चारपैकी तीन उपजाती २०१६ मध्ये त्या यादीतून बाहेर आल्या. अमेरिकेच्या त्या कायद्याखाली कोणत्याही सस्तन प्राण्याने इतक्या लवकर उभारी घेतली नव्हती.

कान्हात हे त्याच्या तीस वर्षे आधी, संगणकाशिवाय आणि फारच कमी पैशांत करावे लागले.

६६ म्हणजे नेमके किती कमी, हे समजून घ्यायला थोडे गणित घेऊ. जन्म आणि मृत्यू ही काही अंशी सोडतच असते. एखाद्या वर्षी माद्या जास्त जन्मतात, एखाद्या वर्षी पूर येतो. अशा यदृच्छ चढउताराचे सापेक्ष प्रमाण ढोबळमानाने संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्तात असते. वायूच्या रेणूंसाठी आम्ही भौतिकशास्त्रात हाच हिशेब करतो. ३,००० प्राण्यांसाठी ते येते १.८ टक्के, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगे. ६६ साठी ते येते १२ टक्क्यांहून अधिक. लागोपाठ चार-पाच वाईट सोडती निघाल्या की कळप शून्याला टेकतो, आणि शून्याचे वैशिष्ट्य असे की तेथून चढ नाही. रेणूंच्या गणितात शून्यानंतर परत एक येऊ शकतो, येथे येत नाही.

दुसरा हिशेब जनुकांचा. प्रत्येक पिढीत आनुवंशिक विविधतेचा काही भाग केवळ योगायोगाने गळतो. तो भाग साधारणपणे एक भागिले प्रजनन करणाऱ्या प्रभावी संख्येची दुप्पट. बारशिंग्याच्या कळपात काही मोजके नरच माद्यांवर हक्क सांगतात, त्यामुळे ६६ मधील प्रभावी संख्या बरीच कमी असणार. उदाहरणादाखल ती २० धरली तर दर पिढीला अडीच टक्के, आणि पाच पिढ्यांत सुमारे १२ टक्के विविधता जाते. ती पुढे संख्या वाढली तरी परत येत नाही, कारण दुसरा कळप पृथ्वीवर कोठेच शिल्लक नव्हता. ‘ब्रँडेरी’ म्हणून जे काही होते ते सारे कान्हात होते.

हे दुर्दैव काल्पनिक नव्हते. बारशिंग्याचाच जवळचा नातलग असलेले थायलंडमधील शोम्बुर्क हरीण याच मार्गाने गेले. त्याचेही घर नदीकाठची गवताळ मैदाने. निर्यातीच्या भातशेतीने ती व्यापली. शेवटचे रानटी हरीण १९३२ मध्ये मारले गेले, पाळीव म्हणून उरलेले शेवटचे १९३८ मध्ये.

१९६९ च्या सुमारास मंडला जिल्ह्याचे जिल्हाधिकारी होते एम. के. रणजितसिंह. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याच्या मसुद्यामागे पुढे त्यांचाच हात होता, आणि आसामातील बारशिंग्याच्या उपजातीला १९८२ मध्ये त्यांचे नाव मिळाले. उद्यानाच्या आत सौंफ नावाचे एक गाव होते, अगदी उत्तम कुरणाच्या जागी. ते गाव बाहेर वसविण्यात आले. शेते पडीक झाली, पडीक शेतात गवत आले, आणि बारशिंगे तेथे पाडसे घालू लागले. त्यानंतर १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, कान्हा त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक होते, आणि क्षेत्र संचालक म्हणून एच. एस. पनवार आले. गवत जाळण्यावर नियंत्रण, गुरे बंद, पाणवठे, आणि काही बारशिंग्यांसाठी हिंस्र प्राण्यांपासून सुरक्षित असे कुंपण, असा त्यांचा कार्यक्रम होता. कुंपणात वाढलेली हरणे नंतर बाहेर सोडली गेली. पनवारांनी १९७८ मध्ये या अनुभवावर निबंध लिहिला, आणि पुढे देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे ते संचालक झाले. हालोनचे खोरेही पुन्हा संरक्षणाखाली आले.

२०२० च्या सुमारास कान्हातील संख्या ८०० च्या वर गेली होती. ६६ पासून ८०० पर्यंत ५० वर्षांत, म्हणजे सरासरी वार्षिक वाढ सुमारे ५ टक्के, दुप्पट व्हायला चौदा वर्षे. ही सरासरी फसवी आहे. मध्ये अनेक वर्षे संख्या अडून राहिली, कधी मागेही गेली. बँकेतल्या ठेवीसारखी ही वाढ नव्हती. पण दिशा टिकली.

येथे एक गोष्ट उघडपणे मांडली पाहिजे, कारण यशोगाथा लिहिताना ती बहुधा कंसात जाते. सौंफ हे पहिले गाव होते. त्यानंतर कान्हाच्या गाभ्यातून सुमारे दोन डझन गावे हलविली गेली. ती बैगा आणि गोंडांची गावे होती. बैगांची फिरती शेती, ‘बेवर’, इंग्रजांनीच एकोणिसाव्या शतकात मोडून काढली होती आणि त्यांना नांगराला जुंपले होते. शंभर वर्षांनी त्यांचे नांगर हरणाच्या आड आले. लोहमार्गासाठी साल त्यांनी तोडविला नव्हता आणि शिंगांसाठी बारशिंगे त्यांनी मारले नव्हते. माझे मत असे की गवत मोकळे केल्याशिवाय बारशिंगा वाचला नसता, आणि ही किंमत ज्यांनी भरली त्यांना तिचा मोबदला मिळाला नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, एकाने दुसरे खोडले जात नाही. शास्त्रज्ञ पहिले वाक्य मोठ्याने बोलतात.

बोरीच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. देनवेच्या खोऱ्यालगतचा हा टापू कोरकू सरदार भभूतसिंह याचा होता. १८५८ मध्ये तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात शिरले तेव्हा त्यांना त्याने साथ दिली. पुढे दोन वर्षे त्याने डोंगरांत इंग्रजांना झुंजविले. १८६० मध्ये त्याला पकडून जबलपुरात मृत्युदंड देण्यात आला आणि त्याचा मुलूख सरकारजमा झाला. १८६५ मध्ये त्याच बोरीचे राखीव जंगल झाले. भारतातील सर्वांत जुन्या राखीव जंगलांत त्याची गणना होते. फॉर्साइथने पचमढीत घर बांधले ते वर्ष १८६२. म्हणजे त्याचे शांत निरीक्षण ज्या अरण्यात झाले ते नुकतेच लढाईतून बाहेर पडलेले होते. विज्ञानाच्या इतिहासात अशा तारखा शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची सवय आपण लावून घ्यायला हवी.

फॉर्साइथने पाहिलेला देनवेचा बारशिंगा पुढे संपला. साल टिकला, रानकोंबडा टिकला, तिघांतला तिसरा गेला. गेल्या दोन दशकांत सातपुडा व्याघ्र प्रकल्पातील अनेक गावे बाहेर गेली, त्यांच्या शेतांची कुरणे झाली, आणि कुरण खायला चितळांखेरीज फारसे कोणी नव्हते. तेव्हा २०१५ मध्ये कान्हातून बोरीला बारशिंगे नेण्यास सुरुवात झाली.

हे वाक्य लिहायला सोपे आहे. बारशिंगा अत्यंत भित्रा प्राणी. पकडताना झालेल्या धावपळीने त्याच्या स्नायूंत असे बिघाड होतात की काही तासांनी किंवा दिवसांनी तो कोसळतो. बेशुद्धीच्या सुईनेही धोका टळत नाही. म्हणून आफ्रिकेत विकसित झालेली ‘बोमा’ पद्धत वापरली. कुरणात नरसाळ्याच्या आकाराचे मोठे आवार उभारायचे, भिंती कापडाच्या आणि गवताच्या, बाहेरचे काही दिसू नये अशा. रुंद तोंडाने कळप आपणहून किंवा हलक्या हाकाऱ्याने आत येतो, मागचे पडदे एकामागून एक बंद होतात, आणि निमुळत्या टोकाला उतरण चढून प्राणी थेट ट्रकमध्ये जातो. कोणी त्याला हात लावत नाही, त्याला माणूस दिसतही नाही. मग रात्रीचा प्रवास. बोरीत पोचल्यावर कुंपणात मुक्काम, तेथे पाडसे झाली की टप्प्याटप्प्याने मोकळे रान.

२०१५ मध्येच काही बारशिंगे भोपाळच्या वनविहारात नेण्यात आले. मार्च २०२३ मध्ये १९ बारशिंगे बांधवगडच्या मगधी परिक्षेत्रातील कुंपणात उतरले. त्याच्या सहा महिने आधी कुनोत नामिबियाचे आठ चित्ते उतरले होते आणि देशभरचे कॅमेरे तेथे होते. बांधवगडच्या ट्रकांची बातमी आतल्या पानावर आली. मला यात फारसे वाईट वाटत नाही. बारशिंग्याला कॅमेरे मानवत नाहीत.

अनेक ठिकाणी कळप असण्याचे महत्त्व पुन्हा आकड्यांतच पाहू. समजा एखाद्या कुरणातील कळप पुढील काही दशकांत रोगाने वा आपत्तीने नष्ट होण्याची शक्यता दहात एक आहे. एकच कळप असेल तर जातीचे भवितव्य दहात एकच्या टांगणीला. तीन स्वतंत्र कळप असतील तर तिन्ही एकदम जाण्याची शक्यता हजारात एक. यातला कळीचा शब्द ‘स्वतंत्र’. रोग ट्रकबरोबर प्रवास करू शकतो, एकाच वर्षी तिन्हीकडे दुष्काळ पडू शकतो, आणि तिन्ही ठिकाणची हरणे एकाच ६६ पूर्वजांची वंशज असल्याने एखाद्या विषाणूपुढे सारखीच दुबळी ठरू शकतात. म्हणून हलविण्यापूर्वीची रक्ततपासणी आणि मेलेल्या प्रत्येक प्राण्याचे शवविच्छेदन ही कामे स्थलांतराइतकीच महत्त्वाची आहेत. अशा कामासाठीचे वन्यप्राणी न्यायवैद्यक आणि आरोग्य केंद्र जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठात आहे.

भूगोलाची एक बाब राहिली. कान्हाच्या कुरणांवर पडलेला पाऊस बंजर नदीतून मंडल्यास नर्मदेला मिळतो. हालोनचे पाणी बुढनेरमधून नर्मदेतच येते. मग ते बरगीच्या धरणात अडते, आणि सुटल्यावर जबलपूरला वळसा घालून भेडाघाटच्या धुवांधारावरून त्या कड्यांमध्ये उडी घेते. बोरीचे आणि देनवेचे पाणी तवा नदीतून, तवा धरण ओलांडून, नर्मदापुरमजवळ बांद्राभानला त्याच प्रवाहात येते. फॉर्साइथला जे दोन तुटलेले प्रदेश वाटले ते पाण्याच्या दृष्टीने कधीच तुटले नव्हते. जमिनीवर मात्र त्यांच्यामध्ये आता गव्हाची शेते, महामार्ग, लोहमार्ग आणि दोन मोठे जलाशय आहेत. बारशिंगा स्वतःच्या खुरांनी कान्हाहून बोरीला जाण्याची शक्यता उरलेली नाही. दर पिढीत काही नर एका कळपातून दुसऱ्यात गेले तर विविधता टिकते, हे संख्याशास्त्र सांगते. तेव्हा दर काही वर्षांनी कान्हाच्या कुरणात कापडाच्या भिंती पुन्हा उभ्या राहतील, ट्रक पुन्हा रात्री निघतील, आणि कोणता नर न्यायचा हे ठरविण्यासाठी आधी त्याच्या लेंड्यांतील जनुके वाचावी लागतील.

आणि हे सारे होईल तेव्हाही बोरीच्या कुरणात गवताकडे पाहावेच लागेल. मोकळे सोडलेले शेत नेहमी कुरणच राहते असे नाही. त्यात रायमुनिया शिरतो, झुडपे वाढतात, वीस वर्षांत ते रान होते, आणि रानात बारशिंगा राहत नाही. गाव होते तेव्हा नांगर आणि गुरे त्या जमिनीला उघडी ठेवीत. आता ते काम वनखात्याला हाताने करावे लागते: झुडपे उपटणे, गवताचे बी गोळा करून पेरणे, कोणता पट्टा कधी कापायचा याची वही ठेवणे. त्यासाठी कोणते गवत कोठे आणि कोणत्या महिन्यात येते हे ठाऊक असलेली माणसे लागतात, आणि ती माणसे त्याच हलविलेल्या गावांतली आहेत.